व्हेप सुटला, सिगरेट लागली: हा उलटा प्रवास कसा काय?

सोनचाफा (धागाकर्ती)

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज घरात कुणी नाही, म्हणून बसले.

मुलगा सतरा पूर्ण, बारावी सायन्स, आम्ही पुण्यात कोथरूडला. मार्चमध्ये त्याच्या खोलीतून आंब्याचा वास यायला लागला. घरात अजून पेटी आलेली नाही आणि खोलीत हापूस! मी आपलं रूम फ्रेशनर समजले. मग एक दिवस अभ्रे बदलताना उशीतून हायलायटर पडला. पिवळाजर्द, गुबगुबीत, आणि बुडाला चार्जिंगचं भोक. हायलायटरला चार्जिंग कशाला?

तर तो व्हेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगरेट. रडारड झाली, शपथा झाल्या, त्याने स्वतःहून तो माझ्या हातात दिला. दोन-तीन महिने मी निर्धास्त होते. खोलीला वास नाही, उशीत काही नाही. गेल्या आठवड्यात त्याची गाडी धुवायला काढली, तर डिकीत रेनकोटच्या घडीत लायटर आणि बडीशेपेच्या चार पुड्या. विचारलं तर अगदी शांतपणे म्हणाला, "आई, व्हेप सोडलाय ना मी. आता दिवसाला तीनच होतात." तीन सिगरेटी!

लोक सिगरेट सोडायला व्हेपकडे जातात, एवढंच मी ऐकून होते. हा उलटा कसा गेला? तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं झालंय का? उपदेश कमी आणि अनुभव जास्त सांगितलेत तर बरं.

खवचट_खंडू

"हायलायटरला चार्जिंग कशाला" या वाक्याला मुजरा.

आमच्या वेळी तीर्थरूपांना माझ्या कंपासपेटीत विडीचं थोटूक सापडलं होतं. त्याला चार्जिंग लागत नव्हतं, पण मला पुढचे दोन दिवस बसायला उशी लागत होती.

पैलवान_कोल्हापूर

खंडूभाऊंनी उत्तर दिलंच की. दोन कानाखाली वाजवा, तिन्ही सिगरेटी सुटतील. आजकालचे पालक मुलांशी चर्चा करतात, तिथंच गाडी घसरते.

सोनचाफा

पैलवान, तो माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. स्टूल घेऊन वाजवू का?

फुप्फुसवाला

ताई, छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे, नाशिकला. असे पेशंट आता दिसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्हाला हा प्रवास उलटा वाटतो, कारण तुम्ही व्हेप आणि सिगरेट या दोन वेगळ्या सवयी धरताय. शरीराच्या लेखी सवय एकच, निकोटिनची. भांडं तेवढं बदललं.

पूर्वी पहिली सिगरेट हीच मोठी राखण होती. पहिल्या झुरक्याला ठसका लागायचा, डोळ्यांत पाणी यायचं, मळमळायचं, आणि कितीतरी पोरं तिथूनच परत फिरायची. नव्या व्हेपमध्ये निकोटिनचा क्षार असतो, म्हणजे निकोटिनमध्ये बेन्झॉइक आम्लासारखं एखादं आम्ल मिसळतात. त्याने घशाला लागणारा चरका कमी होतो आणि वर आंबा, पुदिना, कलिंगड असतंच. घसा तक्रार करत नाही, त्यामुळे मात्रा किती गेली हे पोराला कळत नाही. आपल्याकडे बंदी असल्याने जे मिळतं ते चोरवाटेचं. वेष्टनावर पाच टक्के लिहिलेलं असलं तरी आत किती आहे हे तपासणारं कुणी नाही. युरोपात कायद्यानेच मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. पाच टक्के म्हणजे त्याच्या दुपटीहून जास्त.

रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. मग चिडचिड, अस्वस्थपणा, अभ्यासात लक्ष नाही. अशा वेळी व्हेप आईने काढून घेतलाय, किंवा संपलाय, किंवा घ्यायला पैसे नाहीत. मेंदू काय करणार? जवळ जे मिळेल ते मागणार. तुम्ही उपकरण काढून घेतलंत, पण त्या दोन-तीन महिन्यांत तलफेसाठी काय केलंत? दोष देत नाही. दहातल्या नऊ घरांत हेच होतं.

विदा_कुठंय

डॉक्टरांचं रसायनशास्त्र मान्य, पण "व्हेपमुळे सिगरेट" या वाक्यातला "मुळे" जरा जपून वापरायला हवा.

२०१७ साली अमेरिकेत नऊ अभ्यास एकत्र करून केलेलं विश्लेषण आलं होतं. १४ ते ३० वयाची सतराएक हजार मंडळी. ज्यांनी व्हेप चाखला होता त्यांच्यातले ३० टक्के पुढे सिगरेट ओढून बसले, आणि न चाखलेल्यांतले ८ टक्के. फरक दणदणीत आहे. पण जो पोरगा बंदी असलेली वस्तू शोधून, पैसे जमवून, आईपासून लपवून ओढतो, तो तसाही सिगरेटपर्यंत पोचणाऱ्यांतलाच असू शकतो ना? धाडसी स्वभाव, ओढणारे मित्र, घरातला ताण, मूळ कारण तिथेही असेल. असल्या गोष्टी या अभ्यासांत वजा करायचा प्रयत्न करतात, पण सगळ्या वजा होत नाहीत.

दुसरं म्हणजे, व्हेप ही सिगरेटची शिडी असेल तर अमेरिकेत पोरांच्या सिगरेटी वाढायला हव्या होत्या. तिथे हायस्कूलमधलं सिगरेटचं प्रमाण २०११ ला १५.८ टक्के होतं, २०१९ ला ५.८ टक्के. आणि २०१९ हे तर तिथल्या पोरांच्या व्हेपचं शिखर.

खवचट_खंडू

आले, विदा म्हणजे डेटा मागणारे आले. आता धागा शंभरी गाठणार. चहा टाकतो.

एडिसनकर

विदा, आकडे बरोबर आहेत. मी न्यू जर्सीत राहतो, थोरली त्याच सुमारास हायस्कूलला होती. २०१९ च्या सरकारी पाहणीत हायस्कूलची २७.५ टक्के मुलं महिन्याभरात व्हेप ओढलेली होती. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात आठ. शाळेतल्या स्वच्छतागृहाला पोरं जूल या व्हेप कंपनीचंच नाव लावून बोलायची. आमच्या मुलीला "आईस्ड मँगो" हा आंब्याचा प्रकार आहे असं वाटायचं, रसाचं ताट समोर ठेवलं तर म्हणाली हा वास शाळेतल्या बाथरूमचा. तिच्या आजीला भोवळ यायची बाकी होती.

पण सरासरी खाली आली म्हणून प्रत्येक घरातली खाली येत नाही. शेजारच्या मुलाचं सोनचाफाताईंच्या मुलासारखंच झालं. फेब्रुवारी २०२० पासून इथे पॉडमधले (व्हेपमध्ये बसवायच्या कुप्यांमधले) फळांचे स्वाद बंद झाले, तंबाखू आणि मेंथॉल तेवढे राहिले. पाठोपाठ कोविड. शाळा बंद, देणारा मित्र बंद. तो वडिलांच्या पाकिटातल्या सिगरेटीवर आला. वडील शेवटच्या किती उरल्यात हे मोजायचे नाहीत.

अजून एक गंमत. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या सिगरेट कंपनीने, ऑल्ट्रियाने, तेव्हाच्या आघाडीच्या व्हेप कंपनीतला, त्याच जूलमधला, ३५ टक्के हिस्सा १२.८ अब्ज डॉलरला घेतला. पुढे हात पोळले आणि २०२३ ला बाहेर पडले, तो भाग वेगळा. पण तेव्हा पोरगं या दुकानातून त्या दुकानात गेलं तरी गल्ल्याचा काही हिस्सा एकाच खिशात जात होता.

विदा_कुठंय

शेजारच्या मुलाचं उदाहरण माझ्याच मुद्द्याला धरून आहे. व्हेप होता तोवर तो सिगरेटला शिवला नव्हता. व्हेप बंद झाल्यावर गेला. म्हणजे ढकललं कुणी, व्हेपने की बंदीने?

सॅन फ्रान्सिस्कोत २०१८ ला स्वादवाल्या सगळ्या तंबाखूवर आणि व्हेपवर बंदी आली. त्यावर येल विद्यापीठातून २०२१ ला अभ्यास निघाला की बाकी जिल्ह्यांच्या तुलनेत तिथल्या हायस्कूलच्या मुलांमध्ये सिगरेट ओढण्याची शक्यता दुपटीहून वाढली. यावरही आक्षेप आहे, तो लपवत नाही. तिथला विदा बंदीची खरी अंमलबजावणी सुरू होण्याआधी गोळा झाला होता असं दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं. म्हणजे हेही पक्कं नाहीच.

खडूफळा

मी शाळेत तीस वर्षं काढली, सातारा जिल्ह्यात. अमेरिकेचं राहू द्या, आपल्याकडचं बघा.

व्हेपवर आपल्या देशात सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम आला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. विकणं, बनवणं, आयात, साठवण, जाहिरात, सगळं बंद. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्याला वर्षभर कैद किंवा लाखभर दंड किंवा दोन्ही. सिगरेटचं काय? अठराच्या आतल्याला विकायची नाही, शाळेपासून १०० यार्डांत विकायची नाही, हा कायदा २००३ चा. महाराष्ट्रात तर सुटी सिगरेट-विडी विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. अल्पवयीनाला तंबाखू देणाऱ्याला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

आता कुठल्याही कॉलेजबाहेरच्या टपरीवर जाऊन उभे राहा आणि मोजा. आमच्या शाळेसमोर आम्ही पिवळी रेघ मारली. टपरीवाल्याने चाकावरची टपरी रेघेच्या पलीकडे दोन फूट सरकवली आणि मलाच म्हणाला, "गुरुजी, आता बरोबर?" रंगाचा डबाही त्याच्याच पुतण्याने धरला होता.

पैलवान_कोल्हापूर

गुरुजी, आमच्या भागात सिगरेट-व्हेप ही शहरी चैन. इथं आठवीतल्या पोराच्या गालात मावा असतो. आणि आधीच्या पिढीत बायामाणसं मिश्री लावायची. माझी आज्जी तव्यावर तंबाखू भाजायची तेव्हा अख्ख्या वाड्यात खोकल्याची साथ यायची. "दात घासते" म्हणायची. दिवसातून सहा वेळा कोण दात घासतं?

खवचट_खंडू

आमची आजी तर दात पडल्यावरही घासायची.

फुप्फुसवाला

अवांतर वाटेल, पण पैलवानांनी मुद्द्यावर बोट ठेवलंय. मिश्रीला कुणी तंबाखू म्हणत नव्हतं, ते दंतमंजन. गुटख्याला पोरं सुपारी म्हणायची. व्हेपला "फक्त वाफ" म्हणतात. मुळात वाफही नाही, रसायनांच्या बारीक थेंबांचा फवारा आहे तो. महाराष्ट्रात ओढणारे कमी आणि खाणारे फार, २०१६-१७ च्या पाहणीत तंबाखू घेणारे प्रौढ २६.६ टक्के आणि ओढणारे एकूण प्रौढांतले फक्त ३.८ टक्के. म्हणजे ज्या राज्यात धूर मुळातच कमी होता, तिथल्या पोरांना आता धूर ओढायची सवय लागतेय.

लेस्टरची_मावशी

इकडचं थोडं. इंग्लंडमध्ये सिगरेट ओढणाऱ्या मोठ्या माणसांना सरकारी आरोग्यसेवाच सांगते की त्यापेक्षा व्हेपवर या. माझे मिस्टर तसेच सुटले, पंचवीस वर्षांची सिगरेट गेली. त्यामुळे व्हेपला सरसकट शिव्या घालणं मला जमत नाही. पण तोच व्हेप पोरांच्या दप्तरात गेल्यावर हेच सरकार हादरलं, आणि १ जून २०२५ पासून इथे एकदा वापरून फेकायचे व्हेप विकायला बंदी आली. रस्त्याच्या कडेला गुलाबी-निळे प्लास्टिकचे तुकडे पडलेले असायचे, जणू रंगपंचमी होऊन गेलीय.

वस्तू एकच, पण चाळिशीतला माणूस तिच्यावरून खाली उतरतो आणि पंधराचा पोरगा तिच्यावरून वर चढतो.

टपरीछाप

काकू, मी बावीसचा आहे. तुमच्या मुलाच्या जागी होतो, म्हणून लिहितोय. वरची चर्चा भारी आहे, पण कुणी ओढणाऱ्याला विचारलेलं दिसत नाही.

मी अकरावीत व्हेपने सुरुवात केली. सिगरेटची मला किळस होती. मामा ओढायचा, त्याच्या शर्टाचा वास नको वाटायचा. व्हेपला तसा वास नाही, राख नाही, आणि हातात घेतल्यावर गॅजेट वाटतं, व्यसन वाटत नाही. आम्ही स्वतःला "स्मोकर" म्हणायचोच नाही. क्लासच्या जिन्यात, पांघरुणात, बाथरूममध्ये, कुठेही. सिगरेट पाच मिनिटांत संपते, तिला शेवट असतो. व्हेपला शेवटच नाही. सकाळी डोळा उघडायच्या आधी हात उशीखाली.

मग इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर गेलो. तिथे तीन गोष्टी झाल्या.

एक, पैसे. व्हेप दीड-दोन हजाराचा, पुरवून वापरायचा म्हटलं तरी आठवड्यात संपायचा. देणारा एक "भैया" होता, मेसेज केला की गाडीवर यायचा. एकदा त्याने बनावट माल दिला, घसा तीन दिवस जळत होता. तक्रार कुणाकडे करणार? मग तो पकडला गेला की गावी गेला माहीत नाही, फोन बंद. आणि गेटसमोर टपरी. सुटी सिगरेट वीसच्या आसपास. दोन हजार एकदम काढायचे म्हणजे घरी कारण सांगावं लागतं, वीस रुपयांचा हिशोब कोण विचारतो?

दोन, तलफ. डॉक्टरांनी लिहिलंय तसंच. भैयाचा फोन बंद झाला त्या रात्री मी पहिली सिगरेट ओढली. ठसका लागला नाही, काकू. तोच धक्का होता. छाती आधीच तयार झाली होती.

तीन, आणि हे सगळ्यात मोठं. व्हेप एकट्याचा असतो. सिगरेट चौघांची. टपरीवर खांबाला सुंभ जळत टांगलेला असतो, त्याच्यावर पेटवायला सगळे वाकतात, कटिंग येतो, एक सिगरेट दोघांत फिरते. सिनिअर तिथेच भेटतात. असाइनमेंट, इंटर्नशिप, कुणाचं ब्रेकअप, सगळं तिथेच. मी वर्षभर खोलीत एकटा व्हेप ओढत होतो, टपरीवर गेल्यावर पंधरा दिवसांत ओळखी झाल्या. लाज वाटते लिहायला, पण मला सिगरेटपेक्षा ते वर्तुळ लागलं होतं.

विदा सर, मी "तसाही" गेलो असतो का? माहीत नाही. पण किळस होती हे नक्की, आणि ती व्हेपने घालवली.

खवचट_खंडू

आज विनोद नाही. छान लिहिलंस रे.

(सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, हा सुंभ मात्र दुसऱ्यालाच पीळ घालतो. एक राहवला नाही.)

विदा_कुठंय

टपरीछाप, शेवटच्या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नाही. अभ्यासात "किळस होती का आणि कधी गेली" असा रकानाच नसतो. "मुळे"वरचा माझा आक्षेप तेवढा सैल करतो.

एडिसनकर

हेच माझ्या मुलीच्या बाबतीत उलटं झालं. इथे रस्त्यावर टपरी नाही, सुटी सिगरेट नाही, २१ च्या आत काहीच विकत नाहीत, आणि पोरांच्यात सिगरेट म्हणजे म्हाताऱ्यांचं काम. ती व्हेपवरच अडकली आणि दोन वर्षांनी सुटली, सिगरेटकडे गेली नाही. मला वाटतं आकडे खाली येण्यामागे हेही असावं. सिगरेटभोवतीचं वर्तुळच इथे मोडलंय.

खडूफळा

आपल्याकडे ते वर्तुळ मोडायचं सोडा, त्याला बसायला बाकडं टाकलंय.

पैलवान_कोल्हापूर

टपरीछाप, सुटली का तुझी?

टपरीछाप

आठ महिने झाले, पैलवान काका. दोनदा घसरलो मध्ये. टपरी सोडली नाही, चहा अजून तिथेच पितो. फक्त सुंभाच्या बाजूला उभा राहत नाही, पातेल्याच्या बाजूला राहतो. ऐकायला येडपट वाटेल.

फुप्फुसवाला

अजिबात येडपट नाही. जागा बदलणं हा उपचाराचाच भाग आहे.

ताई, तुमच्यासाठी दोन गोष्टी. १८०० ११ २३५६ ही राष्ट्रीय क्विटलाइन, फुकट आहे. पण फोन त्याने करायला हवा, तुम्ही करून त्याच्या कानाला लावू नका. निकोटिनची च्युइंगगम मेडिकलमध्ये मिळते म्हणून परस्पर आणून देऊ नका, अठराच्या आत आधी डॉक्टरांना दाखवा. आणि तीन सिगरेटी ऐकून घाबरलात, पण त्याने आकडा खरा सांगितला असेल तर ती चांगली खूण आहे. माझ्या ओपीडीत पोरं आईसमोर एक सांगतात, आई बाहेर गेली की आठ.

सोनचाफा

सगळ्यांचे आभार. टपरीछाप, तुझा प्रतिसाद चार वेळा वाचला. पाचव्यांदा वाचताना मुलगा मागे उभा होता, मला कळलंच नाही. तो म्हणाला, "हा कोण आहे?" मी म्हटलं माहीत नाही, वाच. त्याने उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाला, "भैयाचं खरं आहे. आमच्यावाल्याचा पण फोन लागत नाही."

म्हणजे माझ्या शपथांनी व्हेप सुटलाच नव्हता. भैया गेला म्हणून सुटला. दोन-तीन महिने मी उगाच देवाला साखर ठेवत होते.

मग बसलो दोघं. का ओढतोस असं विचारलं नाही, तिन्हींपैकी कुठली सोडायला सगळ्यात अवघड ते विचारलं. म्हणाला, संध्याकाळी साडेसातची, क्लास सुटल्यावर, कारण सगळे असतात. दुपारची नुसती सवय. सकाळची मात्र एकटा ओढतो, आपल्याच बिल्डिंगच्या गच्चीवर, टाकीमागे. मी रोज वाळत घातलेले कपडे काढायला तिथेच जाते.

आता वाटतंय, गच्चीचं कुलूप बदलून टाकावं. चावी सेक्रेटरींकडे असते, सांगितलं की होईल.

टपरीछाप

काकू, कुलूप नका बदलू. तुम्हाला माहीत असलेली ती एकच जागा आहे. गच्ची बंद झाली तर सकाळचीसुद्धा टपरीवर जाईल. साडेसातची राहू दे सध्या, सकाळची आधी सोडायला सांगा, तिला सोबत नाही. आणि त्याला हवं असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करायला सांगा.

सोनचाफा

सांगितलं. "बघू" म्हणाला.

आज सकाळी कपडे काढायला गेले तेव्हा तो टाकीमागे होता. मला बघून सिगरेट मागे लपवली नाही, पेटवलीही नव्हती. म्हणाला, "आई, तू हो पुढे." मी झाले पुढे. पेटवली की नाही, ते खाली आल्यावर विचारलं नाही.